रिकाम्या व्हॅनचं वजन

काचवाला वारल्यापासून त्याची व्हॅन मागून डाव्या अंगाला बसकी झाली होती. मिस्त्रीनं स्प्रिंगा बदलल्या, तरी गाडी तशीच. काचवाल्याची बायको, जिला सगळे मोठ्या बाई म्हणत, ती त्यावर अवाक्षर काढत नसे. हयातभर नवरा मागं त्याच कोपऱ्यात फळीला पाठ लावून, काचा पोटाशी धरून बसायचा. दोरीवर त्याचा विश्वास नव्हता, बायकोवरही बेताचाच.

गाडी सून चालवायची. आता नवा नियम निघाला: रिकामी व्हॅन ठरलेल्या वजनात बसली तर मोटार, वर गेली तर हलका ट्रक. सुनेचा परवाना मोटारीपुरता. ट्रक ठरली की गाडी दारात उभी आणि दुकानाला कुलूप.

सासू-सून व्हॅन घेऊन वजनकाट्यावर गेल्या. तिथल्या साहेबानं आकडा पाहिला आणि मागचं दार उघडून आत डोकावला.

"बाई, गाडी रिकामी करून आणायची असते."

"मग भरलेली दिसतेय का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"दिसत नाही. पण एका माणसाचं वजन जास्त येतंय. असंच राहिलं तर ट्रक म्हणून लिहावं लागेल."

सुनेचं तोंड उतरलं. "आई, जॅक, जादाचं चाक, सगळं काढलंय हो."

"ठाऊक आहे मला. तू लांब हो जरा. साहेब, तुम्हीही. नवराबायकोच्या बोलण्यात तिसरा नको."

बाई दाराशी गेल्या. कोपऱ्यातली फळी हाताला कोमट लागली.

"अहो, उतरा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस बसलात, मी काही बोलले का? पण तुमच्या बसण्यानं पोरीच्या हातचं काम जातंय. काचा मी धरीन. मला येतं. तुम्ही कधी धरू दिल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी."

काही हललं नाही.

"रुसू नका. या वयात शोभत नाही."

फळी करकरली. बाईंच्या खांद्यावर क्षणभर भार पडला, उतरताना म्हातारा टेकायचा तसा, आणि गेला. गाडी सरळ झाली.

साहेबानं आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "मोटार," तो म्हणाला, आणि बाईंकडे न बघता सही केली.

परतताना बाई मागं बसल्या. सुनेनं वेग घेतला तशी त्यांनी पत्र्यावर बोटं वाजवली.

"हळू चालव."

"का आई? रस्ता तर मोकळा आहे."

"त्यांचे गुडघे दुखतात," बाई मागच्या काचेतून बघत म्हणाल्या. "चालत येताहेत."