हिरव्या पंखांचा अंक

मी एक जुना कॉमिक अंक आहे. मित्रांनो, मला हातात घ्या. फार जपून नको, नुसतं घ्या. माझी पिन गंजली आहे, पाठ उसवली आहे, मधलं पान कसंबसं अडकून बसलं आहे. तरी घ्या. मला एकदा फार जपलं गेलं होतं, आणि त्या जपण्यात मी जिवंतपणी पुरला गेलो होतो. ते आठवलं की आजही माझ्या पानांना कापरं भरतं.

मी जन्मलो तो अगदी स्वस्त कागदावर. माझी नायिका पोलादी पाकोळी. तिच्या पाठीवर पोलादाचे पंख. इतर अंकांत ती ढगांतून सुसाट जाते, चोरांना मानगुटीला धरून उचलते. माझ्यात मात्र ती उडतच नाही. माझ्यात गावचा पोलादाचा कारखाना बंद पडतो, तिचे पंख गंजतात, आणि नदीवरचा पूल खचायला लागतो. ती खाली उतरून पुलाला खांदा देते आणि शेवटचा माणूस पलीकडे जाईपर्यंत हलत नाही. मग पायी घरी जाते. संपली गोष्ट. शेवटच्या चौकटीत गंजोबा नावाचा एक नवा खलनायक कोपऱ्यातून डोकावतो, तेवढाच. न उडणारी नायिका कुणाला हवी होती? मी खपलो नाही. माझी बरीच भावंडं रद्दीत गेली.

मी वाचलो तो ऑगी हुडाकमुळे. ओहायोतल्या यंग्सटाउनमध्ये तेव्हा खरोखरच पोलादाच्या भट्ट्या विझल्या होत्या. ऑगीची नोकरी गेली होती. स्लोव्हाक चर्चच्या मागच्या रस्त्यावर त्याने कॉमिक्सचं दुकान थाटलं तेव्हा लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. त्याने मला उभ्याउभ्या वाचलं, नाक शिंकरलं, आणि मला विक्रीच्या खोक्यात न ठेवता गल्ल्याशेजारी ठेवलं. त्या दिवसापासून माझं काम ठरलं. ज्याने आयुष्यात कॉमिक वाचलेलं नाही, त्याच्या हातात पहिल्यांदा मी जायचं.

नवे अंक बुधवारी येतात. त्यामुळे बुधवारी दुकानात जत्रा असे. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ऑगीने त्यांच्या नावाचे खण केलेले, त्यात त्यांचे अंक आधीच काढून ठेवलेले. अशा गर्दीत कुणी नवखा बिचकत आत आला, की सगळे त्याच्यावर तुटून पडत. सगळ्यात पुढे डुई. डुई म्हणजे ऑगीचा कारखान्यातला जुना सोबती, जिभेला हाड नसलेला.

"पहिल्यांदाच वाचताय? मग अगदी पहिल्या अंकापासून धरा," डुई सांगू लागे. "त्यानंतर जुनं जग संपून नवं सुरू होतं, ते वाचा. मधे एक युद्ध आहे, ते वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि ही बाई मेली असं वाटेल, पण ती मेलेली नाही, ती तिची बहीण..."

नवखा दाराकडे बघू लागे.

"डुई, तोंडाला कुलूप लाव," ऑगी ओरडे. "त्याला कॉमिक वाचायचंय. वकिलीची परीक्षा नाही द्यायची."

मग ऑगी त्या नवख्याला दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसवी आणि एकच विचारी, "शेवटचं कधी रडलात?" कुणी लाजे, कुणी चिडे. पण सांगत सगळे. ते ऐकून ऑगी मला त्यांच्या हातात देई. "आधी हे वाचा. इथेच. विकत काही घ्यायचं नाही. उडता न येणारी बाई आवडली, तर उडणाऱ्या आवडतीलच." मला वाचून होईस्तोवर तो फडताळातून एखादं पुस्तक काढून ठेवी. नवरा गेलेल्या बाईला एक जाडजूड चित्रकादंबरी, तिच्यात दोन म्हाताऱ्या मिळून बेकरी चालवतात. बापाशी न पटणाऱ्या पोरीला मुखवटेवाल्या वीराची अशी मालिका, जिच्यात खलनायकच त्याचा बाप असतो. त्याचा नेम चुकत नसे असं नाही, चुके. पण गिऱ्हाईक परत येई.

माझ्यावर पिझ्झाचं तेल सांडलं, कॉफी सांडली. मला काही वाटलं नाही. आणि माझ्या मधल्या मोठ्या पानावर, पूल धरलेल्या पाकोळीच्या पंखांवर, हिरव्या खडूने गिरगटलेलं आहे. ते काम लोरेनचं. ऑगीची एकुलती एक लेक. तेव्हा ती एवढीशी होती आणि गल्ल्याखाली बसून खेळायची.

"बाबा, हिचे पंख आजारी होते," ती म्हणाली. "मी बरे केले."

डुईने कपाळावर हात मारला. ऑगी मात्र खो खो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. पुढे प्रत्येक नव्या वाचकाला तो ते पान उघडून दाखवी. "हे माझ्या लोरीने बरे केलेत," म्हणे. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. लोरेनच तेवढी विसरली.

कारण लोरेनला कॉमिक्सचा तिटकारा आला होता. तिच्या शाळेचं नाटक बुधवारी, तिचा वाढदिवस बुधवारी, आणि बाप कायम दुकानात. मोठी होऊन ती दातांच्या दवाखान्यात लागली. दुकानात आली की नाक मुरडायची. "एवढ्या धुळीत श्वास तरी कसा घेता हो बाबा?" ऑगी मला पुढे करी. "एकच वाच ना पोरी. हा एकच." ती घड्याळ बघे. तो मला परत गल्ल्याशेजारी ठेवी. "मागेल कधीतरी," असं तो मला म्हणायचा. मित्रांनो, त्या माणसाने साऱ्या गावाला वाचायला लावलं, आणि एका वाचकासाठी त्याचा जीव तुटत होता.

मग माझं दुर्दैव ओढवलं. टीव्हीवर गंजोबाची मालिका आली आणि तुफान चालली. गंजोबा पहिल्यांदा दिसला कुठे? माझ्या शेवटच्या चौकटीत! रातोरात मी दुर्मीळ झालो. डुई येताजाता माझ्याकडे मी देव असल्यासारखा बघू लागला. ज्याने मला शंभरदा चिकट हातांनी वाचलं होतं, तो आता म्हणे, "ऑगी, म्हाताऱ्या, हात धुतलेस का?"

हे लोरेनच्या कानावर गेलं. ऑगीचा सत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. बापाला ज्याचं एवढं कौतुक, ते त्याच्यासाठी जपून ठेवावं असं तिच्या मनात आलं. प्रेमानेच आलं, मी तिला दोष देत नाही. डुईने मला गुपचूप काढून दिलं. तिने दवाखान्यातले हातमोजे घालून मला उचललं आणि न उघडता तज्ज्ञांकडे धाडलं. ती माणसं अंकाला दहापैकी गुण देतात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. पेटी फोडली की गुण गेले, भाव गेला. अंक दिसतो, पण वाचता येत नाही. वाचायच्या वस्तूचं असं करणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही. मला तीन गुण मिळाले. पेटीवर कारण लिहिलं, तेलाचे डाग, कॉफीचे डाग, रंगीत खडूची गिरगट.

वाढदिवसाला लोरेनने ती पेटी बापाच्या हातात दिली. "बाबा, आता याला कुणी हात लावू शकणार नाही. कुठल्या तरी कार्ट्याने आत गिरगटून ठेवलंय म्हणे, नाहीतर आणखी गुण मिळाले असते."

ऑगीने पेटीकडे बघितलं. मग लेकीकडे. तिचा चेहरा एवढा फुलला होता, की त्याची जीभ रेटली नाही. "किती छान गं लोरी," तो म्हणाला आणि मला भिंतीवर लावलं.

मी भिंतीवरून किंचाळत होतो, मित्रांनो. खाली नवखे येत, क्रेटवर बसत, ऑगी सवयीने गल्ल्याशेजारी हात घाली आणि तो हात रिकामा परत येई. एका बुधवारी तो असाच हात घालता घालता खाली कोसळला.

पक्षाघाताच्या झटक्यात त्याची वाचा गेली. उजवी बाजू गेली. लोरेनने त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे तो डाव्या हाताचा पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. कुणी म्हणे पाणी मागतोय. चर्चचे फादर म्हणाले, प्रार्थना करतोय. डुईला कळलं. त्याने लोरेनला फोन केला. "अगं, त्याला त्याची पाकोळी हवीय."

तिने मला नेलं आणि त्याच्या उशाशी उभं केलं. ऑगीने मला पाहिलं आणि पेटीवर नख मारलं. पुन्हा मारलं. कर्र, कर्र. त्याच्या नखांत जोर कुठला? प्लास्टिकवर नुसते ओरखडे उठत.

"बाबा, नका ना," लोरेन त्याचा हात हलकेच बाजूला करी. "खराब होईल."

हे रोज चालू झालं. तो ओरबाडे, ती थांबवी. तिला वाटे, बाप लाडाने कुरवाळतोय. मी बोटभर अंतरावर होतो! तिचे हिरवे पंख माझ्या पोटात होते, आणि तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. डॉक्टरांनी लोरेनला बाहेर नेऊन काय सांगितलं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी जिवाचा आटापिटा केला. पण कागद कितीही ओरडला तरी उघडल्याशिवाय ऐकू जात नाही.

एका दुपारी तिथली सेविका ओडेसा त्याला सूप भरवायला आली. धिप्पाड, आनंदी बाई. तिने मला उचलून बघितलं आणि परत त्याच्या हाताशी ठेवलं.

"मिस्टर ऑगी दिवसभर याच्याशीच झटत असतात. काय आहे हो यात?"

"कॉमिक आहे. फार दुर्मीळ आहे."

"ते दिसतंय. पण गोष्ट काय आहे?"

लोरेनने पेटीवर पाहिलं, तिथे गुण आणि डाग तेवढे लिहिले होते. ऑगीच्या नखाची कर्र कर्र चाललीच होती.

"मला माहीत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मी वाचलंच नाही कधी."

"अगंबाई! मग ते कुरवाळत नाहीयेत. ते उघडतायत."

लोरेनने बापाच्या हाताकडे पाहिलं. मग तिने मला हिसकावून घेतलं. सुपाच्या ताटातली सुरी पेटीच्या कोपऱ्यात घातली, पण सुरीच वाकली. तिने पेटी जमिनीवर ठेवली आणि दवाखान्याच्या पांढऱ्या बुटाने कोपऱ्यावर पाय दिला. एकदा, पुन्हा, सगळा भार टाकून. कडाड! माझ्या मुखपृष्ठाचा तुकडा गेला. जाऊ दे! मला हवा लागली.

ती पलंगावर बसून मोठ्याने वाचू लागली, आणि अगदी नवख्यासारखी चुकली. आधी खालची चौकट वाचली, मग वरची, उत्तर आधी आणि प्रश्न मागून. ऑगीचा डावा हात उठला. त्याने बोट वरच्या चौकटीवर ठेवलं, मग शेजारच्या, मग खाली. असं वाचायचं, पोरी. ती त्याच्या बोटामागून वाचत गेली. कारखाना बंद पडला, पंख गंजले, पूल खचायला लागला. तिने पान उलटलं.

हिरवे पंख.

"हे..." ती अडखळली. "बाबा, ही गिरगट..."

ऑगीने बोट पानावरून उचललं आणि तिच्या छातीला टेकवलं.

लोरेनला आठवलं की नाही, मला ठाऊक नाही. पण ती त्या पानावर पालथी पडून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली, मी चिंब भिजलो, आणि माझं मधलं पान तेव्हाच सुटलं. मग तिने डोळे पुसले आणि पाकोळी पायी घरी पोचेपर्यंत वाचलं. ऑगी ऐकत होता. त्याच आठवड्यात तो गेला.

आता दुकान लोरेन बघते. शिफारस करण्यात ती अजून कच्चीच आहे. डुई तिला चिडवतो, "बाई, विधवेला राक्षसांची मारामारी दिलीस?" ती म्हणते, "तुझ्या युद्धापेक्षा बरी." पण नवखा आला की ती त्याला क्रेटवर बसवते, शेवटचं कधी रडलात विचारते, आणि मला त्याच्या हातात देते. माझी किंमत आता शून्य आहे.

मित्रांनो, मी घाबरलो आहे. प्रत्येक वाचनात माझा एक कपचा उडतो. पण पेटीतल्या त्या दिवसांची भीती याहून मोठी होती. तुमच्या घरात कुठे काचेआड, कुलपात, प्लास्टिकमध्ये माझी भावंडं असतील, तर आज त्यांना बाहेर काढा. ज्याने कधी वाचलेलं नाही त्याच्या मांडीवर ठेवा. तेल सांडू दे, पान दुमडू दे, पोरांना रंगवू द्या. आणि घरात कुणी "हे एकच वाच" म्हणून मागे लागलं असेल, तर घड्याळ बघू नका. तो माणूस आहे तोवर वाचा.

आणि माझ्याकडे यायचं असेल तर लवकर या. माझी पिन आता फार दिवस धरणार नाही.