रफू उसवताना

रफूवाल्या मावशींना एकाच गोष्टीचा गर्व होता. त्यांनी केलेलं रफू कुणाला सापडत नसे. ज्याचं कापड त्याचाच धागा, आतल्या दुमडीतून काढलेला. एक उभा, एक आडवा, आणि गाठ म्हणून कुठं मारायची नाही. गिऱ्हाइकं कपडा उलटासुलटा करून बघत आणि शेवटी हात टेकत. मग मावशी गालातल्या गालात हसत. शेजारी इस्त्री करणारा नवरा म्हणायचा, "पुरे बाई, उद्यासाठी ठेव थोडं."

आज तीच कला त्यांच्या जिवावर उठली होती.

पोलीस ठाण्यातल्या टेबलावर एक करडा लोकरी कोट पसरला होता. त्याचा मालक आत कोठडीत होता. सहा मुलींचा जीव गेला होता. पाच खून त्यानं कबूल केले, सहावा मात्र माझा नव्हेच म्हणत होता. त्या सहावीच्या मुठीत नखाएवढा करडा तुकडा सापडला होता. पण तसल्या कापडाचे कोट हजारो. "आमच्या कोटाला भोक दाखवा," असं म्हणून त्याचा वकील मोकळा झाला. भोक दिसणार कुठून? ते मावशींनी बुजवलं होतं ना!

पेपरात त्याचा फोटो पाहिला आणि मावशींनी लगेच ओळखलं. हा मेला तर दुपारभर दुकानातल्या स्टुलावर बसून होता. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा "द्या इकडं, मावशी," म्हणून त्यानंच ओवून दिला. एकदा नाही, सात वेळा. बोट जरासुद्धा हललं नाही. "एवढा कशानं फाटला रे?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, "मांजरानं ओरबाडला." मावशी हसल्या होत्या. वर चहासुद्धा पाजला होता. जाताना त्यानं कोट उजेडात धरला आणि म्हणाला, "आता कुणाला कळायचं नाही." त्यांना ते कौतुक वाटलं होतं. फोटो पाहिल्यावर त्याचा खरा अर्थ कळला. नवऱ्याला सांगून त्या स्वतःच ठाण्यात आल्या.

"भिंग लावून झालं, मावशी," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "आम्हाला काही सापडत नाही. तुम्हाला नाही सापडलं तर ह्या बाईंच्या मुलीची केस इथंच संपली."

ह्या बाई म्हणजे सहावीची आई. भिंतीजवळच्या खुर्चीवर, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. मावशींना तिच्याकडं बघवेना.

मावशींनी कोट जवळ ओढला. उजव्या खिशाखाली होतं, एवढं पक्कं आठवत होतं. चष्मा लावला, काढला, कोट खिडकीपाशी नेला. काही नाही! सगळीकडं सारखंच कापड. कशाला एवढं चांगलं करायला गेलीस गं, सटवे, असं त्यांनी स्वतःलाच ऐकवलं.

मग त्यांनी डोळे मिटले आणि नुसती बोटं फिरवली. दोनदा पुढं गेली, दोनदा मागं आली. तिसऱ्यांदा एका जागी कापड किंचित जास्त घट्ट लागलं. मावशींचा हात धागा नेहमीच जरा ओढून घ्यायचा. सासूबाई त्यावरून जन्मभर बोलल्या होत्या.

"सुई द्या."

सुईच्या टोकानं त्यांनी एक धागा उचलला. विणीतला धागा लांबच लांब जातो, असा सहज निघत नाही. हा बोटभर आला आणि संपला. "हे माझं," मावशी म्हणाल्या. मग दुसरा काढला, तिसरा काढला. आपलंच काम त्या धागा धागा उसवत गेल्या. तासाभरानं चार बोटं लांब चीर उघडी पडली. चिरीच्या टोकाला भोक होतं. इन्स्पेक्टर बाईंनी चिमट्यानं मुठीतला तुकडा त्यात ठेवला. तो कडेला कड लागून बसला.

इन्स्पेक्टर बाई फोन करायला बाहेर गेल्या.

मावशींना राहवलं नाही. "बाई, मी हसले हो त्याच्याबरोबर. चहा पाजला. मला माफ करा."

ती आई उठून टेबलाजवळ आली. कोटाला हात लावू नका, असं सांगितलेलं होतं, म्हणून तिनं हात मागं बांधून घेतले आणि वाकून ती चीर पाहिली. बराच वेळ पाहिली.

"एवढं फाडायला जोर लागतो का हो?" तिनं विचारलं.

मावशींनी पिशवीतून तशाच लोकरीची एक चिंधी काढून तिच्या हातात दिली. "बघा ओढून."

आईनं दोन्ही हातांनी ओढलं. दात आवळून पुन्हा ओढलं. बोटं पांढरी पडली, पण चिंधीला काही झालं नाही.

"घरी साधं बरणीचं झाकण निघायचं नाही तिच्यानं," ती म्हणाली. "मला हाक मारायची." आणि ती रडू लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मनापासून रडत होती. रडता रडता ती पुन्हा पुन्हा ती चिंधी ओढून बघत राहिली, आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.