भाऊजींनी लावलेले दिवे

वायरमनच्या थोरल्या भावाला एक खोड होती. धाकट्याने काहीही केलं की म्हणायचा, "वा रे वा, काय दिवे लावलेत!" पुढे धाकटा खरोखरच दिवे लावायच्या नोकरीला लागला, तेव्हा हा गडी पोट धरधरून हसला होता. थोरलाही त्याच कचेरीत होता. तो अकाली गेला आणि त्याच्या जागी त्याची बायको लागली. घरी ती वायरमनची वहिनी आणि तो तिचा भाऊजी. कचेरीत मात्र ती रेकॉर्डच्या बाई आणि तो वायरमन. नातं दोघांनीही फाटकाबाहेर ठेवलेलं.

रेकॉर्डची खोली इमारतीच्या पोटात होती. चारी भिंतींना कपाटं, खिडकी नावाला नाही. भर दुपारीसुद्धा ट्यूब लावल्याशिवाय तिथे डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. वायरमन ट्यूब बसवताना तिच्या टोकाशी पेनाने तारीख लिहायचा. कुठली किती दिवस चालली, ते त्याला कुणाला विचारावं लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी एका नोंदीत तीनचा आठ केला. फाईल आठवडाभर सापडली नाही आणि तेव्हाचे साहेब खवळले. "ट्यूब लुकलुकते साहेब, आकडे दिसत नाहीत," बाई म्हणाल्या. वायरमनला बोलावणं गेलं. तो स्टुलावर चढला, तारीख बघितली. ट्यूब जेमतेम महिन्याची, लख्ख जळत होती. खाली बघतो तर वहिनी मान तिरकी करून उभी, आणि बघत होती त्याच्या कानाकडे. त्याला काय समजायचं ते समजलं.

"ट्यूब गेलीय," तो म्हणाला आणि तक्रारवहीत तसं लिहून मोकळा झाला.

संध्याकाळी घरी वहिनीने सांगून टाकलं. "समोरचं दिसत नाही, भाऊजी. कडेचं तेवढं दिसतं. तुमचे कान दिसतात, तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने भागायचं नाही आणि गेलेली नजर परत यायची नाही."

"मग साहेबांच्या कानावर घाला."

"आणि घरी बसू? पोरीच्या नर्सिंगची चार वर्षं आहेत. तेवढी निघू देत, मग मीच राजीनामा नेऊन टेबलावर आपटते."

वायरमनने काणाडोळा केला असं म्हणून भागणार नाही. तो डोळ्यांत तेल घालून खोटं लिहीत राहिला. बाईंचं काही चुकलं की वहीत नोंद तयार: दिवा मंद. चोक खराब. ट्यूब काळी पडली. एरवी कामात ती कुणाला हार जात नव्हती. कुठलं कपाट, कितवा खण, वरून कितवा गठ्ठा, सगळं तोंडपाठ. फाईल मागायचा अवकाश, बाई कपाटांना हात लावत जायच्या आणि घेऊन यायच्या. लोक म्हणायचे, बाईंना डोळे मिटूनसुद्धा सापडतं. खरंच बोलत होते बिचारे!

अशी तीन वर्षं निभली. उरलं होतं एक, आणि तेवढ्यात नवे साहेब आले. याला फिती कापायचा भलता सोस, म्हणून पाठीमागे सगळे त्याला फीतसाहेब म्हणत. त्याने आल्या आल्या तक्रारवही मागवली. एकाच टेबलाच्या एक्केचाळीस तक्रारी बघून कपाळाला हात लावला. "एक बाई तीन वर्षं अंधारात काम करतेय आणि इथे कुणाला लाज नाही?" माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर परवडला असता.

त्याने बाईंकडून नव्या दिव्यांचा अर्ज मागितला; बाईंनी तो तोंडी सांगितला आणि टायपिस्टने टाइप केला. महिन्याभरात मंजुरी आली. ट्यूबच्या जुन्या पट्ट्या, चोक, वायरी सगळं उपटून फेकलं आणि छतभर पांढरेशुभ्र एलईडी पॅनल आले. बाईंच्या डोक्यावर दोन जास्तीचे, साहेबांचा खास हुकूम. ते बसवले कुणी? वायरमननेच. आता चूक झाली की वहीत काय लिहिणार होता, बोंबलायला?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो वहिनीच्या घरी गेला. "उद्या सुटी टाका. तुमचा दिव्यांचा अर्ज तुम्हालाच सगळ्यांपुढे वाचायला लावणार आहेत. टायपिस्ट सांगत होती."

"मला कळलंय," वहिनी म्हणाली. "त्याची काळजी नको. तुम्ही तुमचे दिवे तेवढे नीट लावा."

आणखी विचारणार तोच पुतणी आत आली. तिला आईच्या डोळ्यांबद्दल काही माहीत नव्हतं. विषय तिथेच राहिला.

सकाळी अकराला सगळी कचेरी रेकॉर्डच्या खोलीत कोंबली होती. फीत कापली गेली. दाराजवळच्या बोर्डाशी उभ्या वायरमनने मेन स्विच वर केला आणि खोली न्हाऊन निघाली. टाळ्या पडल्या. साहेबांनी बाईंच्या हातात कागद दिला. "वाचा, बाई! आता दिसत नाही म्हणायची सोय नाही!" सगळे हसले.

बाई वाचू लागल्या. शांत, खणखणीत. "माननीय महोदय, मी या विभागात गेली अकरा वर्षे काम करीत आहे..." वायरमन बघतच राहिला. आणि मग बाई थांबल्या. कुणीतरी खोकलं. साहेब कागदाकडे वाकले. अडकली! वहिनी अडकली! त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने मेन स्विच पाडला.

खोलीत मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात बाईंचा आवाज तसाच पुढे चालू राहिला.

"...येथील दिवे अत्यंत मंद असल्याने अक्षर दिसत नाही. तरी नवीन दिवे बसवून मिळावेत, ही नम्र विनंती."

पाठांतराला लागलेली जीभ ती, थांबेपर्यंत दोन वाक्यं निघून गेली होती. आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग तेही गप्प झालं.

वायरमनने स्विच वर केला. बाई कागद धरून उभ्या होत्या, मान तिरकी. साहेबांनी त्यांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि टेबलावरचा दुसराच एक पुढे धरला. "हे काय लिहिलंय, बाई?"

बाईंनी मान आणखी तिरकी केली.

"तक्रारवही आणा," साहेब म्हणाले. बोलताना त्यांनी वायरमनकडे बघितलं.

दुपारी बाईंना डोळे तपासून घ्यायचं पत्र मिळालं आणि तोवर कामावर न येण्याचं. वायरमनला खुलासा मागणारं वेगळं. पिशवी घेऊन, कपाटांना हात लावत ती दाराशी आली.

"वहिनी," तो म्हणाला. कचेरीत ही हाक त्याने कधी मारली नव्हती. "मला वाटलं, तुम्ही अडकलात."

भावाचं ते जुनं वाक्य तिने तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्या कानाकडे बघत राहिली.

"श्वास घ्यायला थांबले होते हो, भाऊजी," ती म्हणाली. "पोरीला आजच काही सांगू नका. उद्या तिची परीक्षा आहे."