ओढ्याकाठचे पांढरे दगड

आमचा शेजार तुम्ही मोडलात, साहेब. शांतता आणण्याचं सरकारी खातं तुमचं, म्हणून तुम्हालाच सुनावते आहे.

टेकडीपलीकडे शेतकरी-गुराख्यांच्या भांडणात गावं जळाली, माणसं मेली. माझा मामेभाऊ त्यात गेला, मला कुणी शिकवायला नको. पण आमच्या ओढ्यावर कधी काठी उगारली गेली नव्हती. तुम्ही आलात, आम्हा बेरोम शेतकऱ्यांना एकीकडे बसवलंत, फुलानी गुराख्यांना समोर. काठावर पांढरे दगड पुरलेत आणि गुरं अलीकडे येणार नाहीत असा करार केलात. म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. न देईल तो भांडखोर ठरेल, एवढीच भीती.

आता मका काढून झालाय. दरवर्षी मका निघाला की पलीकडच्या हम्मादीची गुरं माझ्या रानात बसतात. उरलेली ताटं खातात, शेण टाकतात, त्यावर माझे बटाटे येतात. मी त्याच्या घरी पीठ धाडते, त्याची बायको दही धाडते.

यंदा तो दगडापाशीच थांबला.

"ये की रे भाऊ," मी म्हणाले, "दगड चावतो का?"

"दगड नाही, वहिनी, पोलीस चावतात. आमच्यातल्या बुबाची गुरं हाकून नेली परवा."

"तुझं शेण तिकडे वाया, माझं रान इकडे उपाशी."

"बेरोम बाईला आमच्या शेणाची एवढी ओढ? दादा ऐकत असेल वरून."

"नवरा माझा, तोही वरून बटाटेच मागत असेल."

शेवटी आम्ही दोघं जोस शहरात तुमच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, माणूस वाईट नव्हता. खुर्च्या दिल्या, पण लांब लांब.

"तक्रार कुणाची, ताई?"

"कुणाचीच नाही. याची गुरं माझ्या रानात येऊ द्या."

"म्हणजे याने घुसखोरी केली?"

"करत नाही, हेच तर दुखणं आहे."

त्याने कराराचा कागद काढून वाचला. मग म्हणाला, "वाद असल्याशिवाय करार पुन्हा उघडता येत नाही, ताई. आधी वाद नोंदवा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चल, घालते तुला एक शिवी. काम होऊन जाईल."

हम्मादी हसला नाही. "तू नोंदवशील थट्टेत, वहिनी. माझ्या पोरांच्या कानावर जाईल की तू माझ्यावर फिर्याद केलीस. तिकडे टेकडीपलीकडे काय झालं ते त्यांनी पाहिलंय. ती थट्टा समजायची नाहीत."

मी नोंदवलं नाही. आम्ही एकाच गाडीने परतलो आणि ओढ्यावर वेगळे झालो. रान अजून तसंच पडलंय, लागवड तोंडावर आलीय.

भांडणाऱ्यांसाठी तुमचं दार उघडं आहे. मग आम्ही काय करायचं? हम्मादीवर खोटी फिर्याद घालू, की रान पडीक टाकू? दगड कुणी उपटायचे, तुम्ही की मी? लागवडीच्या आत उत्तर द्या.