पांढरा ठिपका

"मारू नको जाऊबाय," म्हणत बाईजाने माझा हात धरला.

कंदिलाच्या काचेवर एक पतंग धडकत होता. पेंढ्याच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा.

"पंखाव पांढरा ठिपका बघ. यांच्या खांद्याव होता तसाच."

माझा दीर देवराम, बाईजाचा नवरा, त्याच वर्षी वैशाखात गेला होता. पितृपक्ष चालू होता, आणि त्या पंधरवड्यात दिव्यावर आलेल्या जिवाला आमच्याकडे कुणी हाकलत नसे. तेव्हा वाडीत वीज नव्हती. बाईजाने पतंगावर टोपली पालथी घातली आणि आत गवताची काडी सरकवली.

सकाळी शेजारचा कोंडू धापा टाकत आला. "पल्याड वैशाखरे गावात लोंब्या तुटून पडल्यात. दिवसा एक अळी दिसत नाय."

दुपारी मुरबाडहून शेतकीचा साहेब आला. लष्करी अळी, म्हणाला. "आधी तिचे पतंग येतात, गवतावर, भातावर अंडी घालतात. गवतावरचे सगळेच पतंग वाईट नसतात. पण पंखावर बारीक पांढरा ठिपका असेल, तर त्या शेतात आजपासून तयारी करा. कुणी पाहिलाय?"

"दिव्याव ढीगभर येतात सायेब," कोंडू म्हणाला. "कोन कोनाला वळखनार?"

सगळे हसले. बाईजा शेताकडे बघत होती. यंदाची लावणी तिने एकटीने उरकली होती. लोंब्यांत नुकतं दूध भरत होतं. वर्षाचा घास तेवढाच.

ठिपका मीही पाहिला होता, पण सांगायचं ते तिने सांगायचं होतं.

ती उठून घरात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा टोपलीवर पदर होता.

"हळू धरा सायेब."

त्याने भिंग लावलं. "हाच." मग तिचा चेहरा बघून विचारलं, "परत हवाय का?"

"नको. तुमीच ठेवा."

साहेबाने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी शेतात पेंढ्याचे ओले ढीग ठेवायचे, पहाटे उचलायचे. आठवड्याने त्यांच्याखाली अळ्या सापडू लागल्या, ओंजळीने. बाईजा त्या हातांनीच गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकी. भात बरंचसं वाचलं.

सर्वपित्रीला तिने देवरामच्या आवडीचे वडे केले, कौलांवर पान ठेवलं. दिवेलागणीला मी कंदील पुसायला घेतला.

"आज नको लावू," ती म्हणाली.

"अंधारात जेवायचं का गो?"

"उजेड दिसला तर हे येतील."

आम्ही दोघी चाचपडत जेवलो. वडे गार झाले होते.