समुद्राच्या खोलीतली दुपारची झोप

“वहिनी, लेकरू निजते त्या खोलीत ते गॅसचं सिलिंडर ठेवू नोका,” असं माझी नणंद निता मला यंदाच्या मार्चमध्येच म्हणाली होती. ती कारंज्याला एका दवाखान्यात नर्स आहे. मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. हिच्याकडे एसी नाही, आमच्याकडे एसीही आहे आणि समुद्रही आहे, म्हणून हिला टोचतंय, असं मी तेव्हा मनात ठरवून टाकलं.

समुद्र म्हणजे काय ते सांगते. आम्ही मंगरूळपीरला राहतो. नळाला पाणी आलं की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरोळी जाते, असं आमचं गाव. अशा गावात माझ्या नवऱ्याने, रविकांतने, बेडरूममध्ये खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी उभी केली आणि तीत जिवंत पोवळी लावली. दिवसभर कृषी केंद्रात बसून सोयाबीनचं बियाणं विकायचं आणि घरी आल्यावर पाण्यात मीठ कालवत बसायचं. तेही साधं मीठ नाही, समुद्राचं म्हणून मागवलेलं. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, “तुले नाही समजणार, हे सायन्स आहे.” बीएस्सी मी झाले आहे, केमिस्ट्री घेऊन. हे बीकॉम.

पोवळ्यांना वाढायला कॅल्शियम लागतं. ते पुरवायला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर नावाचं यंत्र येतं. उभं नळकांडं, त्यात मेलेल्या पोवळ्यांचा चुरा. त्यातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, पाणी आंबट होतं, चुरा हळूहळू विरघळतो आणि ते पाणी थेंब थेंब टाकीत जातं. थोडक्यात, मेलेल्यांची हाडं विरघळवून जिवंतांना पाजायची. गॅसचं सिलिंडर पलंगाच्या बाजूला, जिथे आधी आमच्या लेकीचा, संस्कृतीचा, पाळणा होता.

आता भांडण असं होतं की रिअ‍ॅक्टर सिंगल चेंबरचा बरा की डबल चेंबरचा. सिंगलमध्ये न वापरला गेलेला गॅस पाण्याबरोबर टाकीत उतरतो आणि पोवळ्यांना आंबट पाणी सोसत नाही. डबलमध्ये तेच पाणी आणखी एका चुऱ्याच्या नळकांड्यातून फिरतं आणि उरलेला गॅस तिथे खर्च होतो. एवढीच गोष्ट. पण यांचा कॉलेजातला दोस्त लखन आमच्याच वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला मोबाइलचं दुकान चालवतो आणि त्याच्याकडेही असाच एक समुद्र आहे. दोघं फोनवर यावर असे बोलत की जणू मुलीचं स्थळ पाहून राह्यले.

“सिंगल साधा आहे भाऊ, बिघाड कमी,” लखन म्हणायचा.

“अन् उरलेला गॅस? पोवळ्यांच्या जिवाशी कायले खेळता?” हे म्हणायचे.

शेवटी यांनी सिंगलच घेतला, आणि घेतल्या दिवसापासून डबल न घेतल्याची हळहळ सुरू केली.

मे लागला. पाणी तापून चालत नाही, म्हणून टाकीच्या खोलीत एसी दिवसभर चालू. मग आमच्यासारख्या घरात जे होतं तेच झालं. एसी पोवळ्यांसाठी चालूच आहे तर माणसांनी बाहेर का भाजायचं? जेवणं झाली की खोलीत गाद्या खाली अंथरायच्या, गार हवा निसटू नये म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली जुन्या लुगड्याची घडी, आणि पडदा ओढून सगळे आडवे. सगळ्यांत गार जागा भिंतीकडची, सिलिंडरला लागून. ती आम्ही लाडाने संस्कृतीला दिली. दोन वर्षांची आहे ती.

काही दिवसांनी पोर दुपारची झोपली की उठेचना. उठली की चिडकी, तोंड लाल, दुधाला हात लावत नव्हती. माझं डोकं जड. मी म्हटलं तर हे म्हणाले, “उन्हाळा लागला तिले. पन्हं दे.” एसीत बसून उन्हाळा लागलेली ती बहुधा जिल्ह्यातली पहिलीच पोर.

टाकीचं मात्र यांना लगेच कळलं. पाण्याचा आंबटपणा, म्हणजे पीएच, मोजणारं यंत्र यांच्या मोबाइलला जोडलेलं आहे; पीएच जितका खाली, तितकं पाणी आंबट.

“पाहून राह्यली का? पीएच रोज दुपारी खाली जाते,” हे मला म्हणाले. चेहरा असा की घरात कोणी आजारी पडलंय. “गॅसही लवकर संपून राह्यला. सिंगल चेंबर गॅस वाया घालवते. मी म्हणत होतो.”

आणि डबल चेंबर मागवला. पोरीला डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर दुकान सोडता येत नव्हतं. रिअ‍ॅक्टर आला त्या दिवशी दुकान बंद होतं.

दुसरं नळकांडं लागलं, तरी पीएच दुपारी पडतच राहिला. “बसायले वेळ लागते त्याले,” हे म्हणाले. मी आता मोबाइलवरच्या आलेखाकडे पाहू लागले होते, कारण आलेख आणि पोर एकाच वेळी खाली जात होते. एका दुपारी लाईन गेली. टाकीची यंत्रं इन्व्हर्टरवर चालत राहिली, पण एसी बंद. आम्ही उकडून दारखिडक्या सताड उघडल्या. तासाभरात संस्कृती उठून मांजरामागे पळत सुटली. आणि मोबाइलवरची रेघ, जी डबल चेंबरने हलली नव्हती, ती सरळ वर चढली.

गॅस पाण्यात जास्त नव्हता. खोलीत होता. टाकी तेच हवेतलं पीत होती जे आम्ही पीत होतो, आणि हा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, जिथे आम्ही पोरीसाठी खास जागा केली होती.

स्वयंपाकाचं सिलिंडर बदललं की आपण साबणाचा फेस लावून पाहतो. तसाच फेस मी या सिलिंडरच्या तोंडाशी लावला. बुडबुडे आले. एक फुटला की दुसरा.

“इकडे या,” मी म्हटलं.

हे वाकून पाहू लागले. मग म्हणाले, “थोडासाच आहे.”

“किती पायजे होता?”

यांनी पाना आणला, आतली चकती बदलली. मी तेवढ्यावर ऐकलं नाही. सिलिंडर गॅलरीत गेलं, नळी भिंतीतून आत आली. खिडकीची चिकटपट्टी मी स्वतः ओरबाडली. संस्कृती आता हॉलमध्ये कूलरपुढे झोपते आणि ठरल्या वेळी रडत उठते. इतकं गोड रडणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. निताला फोन केला. ती एवढंच म्हणाली, “पोरगी बरी आहे ना? बस मंग.”

पीएच सुधारला. त्या संध्याकाळी यांनी हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकलं: डबल चेंबर लावल्यापासून पाणी एकदम ठिकाणावर. शंभर माणसांनी लाइकचा अंगठा दिला. बुडबुड्यांचा उल्लेख नव्हता. मी विचारलं, काहून नाही? “लोक हसतीन ना,” हे म्हणाले.

आणि काल लखनचा फोन आला. स्पीकरवर होता.

“भाऊ, माह्या टाकीचा पीएच दुपारी पडून राह्यला. गॅसही टिकत नाही. अन् आई म्हणते डोकं जड होते, उठावंसं नाही वाटत. तिले काय, सत्तरी आली. पण पोवळे पांढरे पडून राह्यले, त्याचं टेन्शन आहे.”

“डबल चेंबर घे,” माझा नवरा म्हणाला.

मी फोन हिसकावला. विचारलं, आई कुठे झोपतात? तर तिथेच, एसीत, खाली सतरंजीवर. मी सगळं सांगितलं. सिलिंडर बंद करा, दार उघडा, फेस लावून पाहा.

लखन हसला. “वहिनी, तुमी लय भेव दाखवता. रविभाऊच्या पोस्टवर आहे ना सगळं, चेंबरचाच लफडा आहे. मी मागवला, येईनच आठवड्यात.”

आज सकाळपासून तो माझा फोन उचलत नाही. यांना म्हटलं, चला मालेगावला. हे म्हणाले, पेरणीचे दिवस आहेत, दुकानात गर्दी आहे. मालेगावची थेट बस सकाळीच सुटते, म्हणून मी उद्या पोरीला घेऊन बसने निघणार आहे, पण उद्याच्या आधी आजची दुपार आहे.

तुम्ही मालेगावचे असाल, किंवा वाशिम रोडने आज जात असाल, तर लखनच्या मोबाइलच्या दुकानामागे त्याचं घर आहे. टाकी पाहायला आलो म्हणा, लगेच आत घेतील. पोवळ्यांचं कौतुक नंतर करा. आधी दार उघडं ठेवा आणि खाली सतरंजीवर त्याच्या आई, गोमतीबाई, झोपलेल्या असतील, त्यांना हाक मारून पाहा. ओ दिली नाही तर उचलून बाहेर आणा. आणि मला कळवा.