सातव्या मजल्यावरचा फोटो

रोहिदास सोळंकेला घर मिळालं. चऱ्होलीत, सातव्या मजल्यावर, दोन खोल्या, किचन आणि पूर्वेला गॅलरी. सरकारदरबारी तशी नोंद आहे, अभिनंदनाचा मेसेजही आहे. पण ते पुढचं, सोडा. असं काही घडलेलंच नाही. रोहिदास अजून मारुंजीतल्या भाड्याच्या खोलीत जेवायला बसलाय आणि पुन्हा एकदा भरल्या ताटावरून उठून मोबाइलकडे गेलाय.

"बसा की हो," तेजस्विनी म्हणाली. "ॲप काय पळून चाललंय का?"

"ॲप नाही, मुदत पळतीय."

मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं देण्याची ही सरकारी योजना. किमतीचा मोठा वाटा सरकार उचलणार, बाकीचं कर्ज काढून रोहिदास. सोडतीत त्याचा नंबर लागला तेव्हा चाकणच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या कारखान्यातून मिरवलं होतं, आणि मग त्याच्याच खिशातून मिसळ खाल्ली होती. अट एकच होती. अनुदान सुटण्याआधी लाभार्थ्यानं आपल्या घराच्या जागी उभं राहून ॲपवर फोटो टाकायचा. रविवार संध्याकाळपर्यंत फोटो नाही आला, तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

रोहिदासनं फोटो टाकला होता. जागेवर इमारत नव्हती. एक पाटी होती, पाटीवर इमारतीचं चित्र होतं आणि पाटीच्या सावलीत वॉचमन चिमाजी खुर्ची टाकून बसले होते. तिथं उभं राहून त्यानं केस सारखे केले, फोटो काढला. ॲपनं उत्तर दिलं : या ठिकाणी लाभार्थी आधीच उभा आहे.

झालं होतं असं, की तळमजल्यावाल्यानं सगळ्यात आधी फोटो टाकून डाव साधला होता. मजले एकावर एक. आभाळातून बघणाऱ्या उपग्रहाला सगळ्यांची जागा एकच.

हेल्पलाइनवरची पोरगी फार गोड बोलली. "सर, तुमची उंची जुळत नाहीये."

"पाच फूट सहा इंच आहे मॅडम."

"तुमची नाही सर, घराची. सातव्या मजल्यावर जाऊन फोटो काढा ना."

"सातवा मजला बांधलेलाच नाही."

"असं कसं? तळमजल्याचा तर आलाय आमच्याकडे."

रोहिदासनं फोन ठेवला. त्या दिवसापासून त्याचा पाय हलायला लागला तो थांबेचना. बसमध्ये हलायचा, मीटिंगमध्ये हलायचा, झोपेत हलायचा. तेजस्विनी म्हणाली, "घर मिळेल तेव्हा मिळेल, आधी हा पलंग मोडेल. आणि पलंग मालकाचा आहे."

शेवटी रविवारी सकाळी रोहिदासनं ओळखीच्या ठेकेदाराकडून मॅनलिफ्ट आणली. कंपनीत पत्र्याचं काम निघालं की माणसाला पाळण्यात उभं करून वर नेतात, ते यंत्र. चऱ्होलीच्या रस्त्यानं ते डुलत डुलत आलं तेव्हा मागून दोन वराती तुंबल्या.

जागेवर ज्ञानेश हजर होता. हा आठव्या मजल्याचा लाभार्थी. बातमी कळली म्हणून भाडं अर्धं-अर्धं करायला आलेला.

"भावा, तुझं झालं की मला जरा वर सोड," तो म्हणाला.

तेजस्विनीनं तिथंच विषय काढला. "भाऊजी, वरचे तुम्हीच ना? दुपारचं काही कुटत जाऊ नका. आमच्या डोक्यावर येतं."

"वहिनी, आम्ही मिक्सर वापरतो. पण तुमच्या फोडणीचा धूर थेट आमच्या बेडरूममध्ये येणार, त्याचं काय?"

"मग खिडकी लावून घ्या."

चिमाजी हे सगळं ऐकत होते. ही जमीन पूर्वी त्यांचीच. विकली आणि तिच्यावरच वॉचमन झाले. "आमच्या आज्यानं हितं ज्वारी केली," ते म्हणाले. "पर एवढ्या उच्चीवर भांडान न्हाई झालं कधी."

पट्टे बांधून नवरा-बायको पाळण्यात चढले. तेजस्विनीनं चढताना चपला खाली काढून ठेवल्या. पाळणा वर निघाला. चिमाजी लहान झाले, पाटी लहान झाली, लांब इंद्रायणीची रेघ दिसायला लागली. वाऱ्यानं पाळणा हलला, तशी तेजस्विनीनं रोहिदासची बाही धरली.

"आता आपण कुठं आहोत?"

रोहिदासनं घराचा नकाशा उलगडला. "बाथरूममध्ये."

"अहो, पहिला फोटो बाथरूममध्ये काढता?"

"दादा, जरा डावीकडे घ्या," रोहिदास खाली मॅनलिफ्टवाल्याला ओरडला. "हॉलमध्ये!"

पाळणा हॉलमध्ये आला. कोवळं ऊन थेट तोंडावर पडत होतं. "इथं सोफा," तेजस्विनी हवेत हात फिरवत म्हणाली, "आणि तिथं तुळस." रोहिदास तुळशीच्या जागेपासून जरा सरकून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपला पाय थांबलाय.

फोटो गेला. मेसेज आला : अभिनंदन! आपण घराचा ताबा घेतला आहे.

मागोमाग ज्ञानेश वर गेला. जाताना रोहिदासच्या छताला धक्का लागणार नाही याची त्यानं काळजी घेतली. बाकीचे मजलेवालेही तोवर जमले होते. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत भरली.

पुढच्या आठवड्यात दोन माणसं आली आणि पाटी उपटून घेऊन गेली. रोहिदासनं कार्यालय गाठलं. साहेबांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सगळ्या मजल्यांपुढे हिरवी खूण होती.

"सर्व लाभार्थी राहायला गेले," साहेब म्हणाले. "योजना यशस्वी. आता बांधकामाला पैसे कशाला?"

"साहेब, इमारत नाहीये."

"तुमचाच फोटो आहे ना हा? हसताय की चांगले."

फोटोत दोघंही खरंच छान हसत होते. मागं नुसतं आभाळ होतं.

रोहिदास मारुंजीला परतला. पाय पुन्हा सुरू झाला होता. तेजस्विनीनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं कागद पुढे सरकवला. त्यानं लिहायला घेतलं :

मा. महोदय, मी सातव्या मजल्याचा ताबा रीतसर घेतला असून माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही. हवा व उजेड उत्तम आहे. तथापि कुटुंबास ये-जा करणे गैरसोयीचे होत आहे. तरी माझ्या घराखाली तळमजला व मधले सहा मजले बांधून मिळावेत, आणि निधीअभावी ते शक्य नसल्यास निदान जिना मंजूर करावा, ही नम्र विनंती.